झुलत्या पुलाचं कूळ

बोरीच्या माणसाला पूल म्हटलं की ओढ्यावरचा फरशी पूल आठवतो. पाणी वरून चाललं की थांबायचं, ओसरलं की निघायचं. काळ्या रानात खोल दरी नाही, तर झुलता पूल हवा कशाला? परभणी-जिंतूरकडची माणसं तो पाहतात ती बहुधा यात्रेला गेल्यावर, ऋषिकेशला. आता कुणाकुणाची पोरं कॅनडात असतात, मग व्हँकूव्हरजवळच्या कॅपिलानो पुलावर फोटो निघतो, दोन्ही हातांनी दोर घट्ट धरलेला.

ऋषिकेशचा लक्ष्मणझुला आणि कॅपिलानो, या दोन पुलांची पत्रिका चांगलीच जुळते. गंगेवर आधी तागाच्या दोरांचा झुला होता. १८८९ मध्ये कलकत्त्याच्या सूरजमल झुनझुनवाला यांनी तिथे लोखंडी दोरांचा पूल करवला. १९२४ च्या पुरात तो गेला आणि १९३० मध्ये नवा लक्ष्मणझुला खुला झाला, लांबी ४५० फूट. कॅपिलानोचा पूलही पहिल्यांदा १८८९ मध्येच उभा राहिला, आणि आज त्याची लांबीही ४५० फूटच आहे!

तिकडची गरज मात्र देवाची नव्हती. जॉर्ज ग्रँट मॅके या स्कॉटिश अभियंत्याने दरीच्या दोन्ही बाजूंची जमीन घेतली होती आणि अगदी कड्यावर घर बांधलं होतं. वाखाचे दोर घोड्यांनी नदीतून पोहत पलीकडे नेले. मदतीला स्क्वामिश जमातीतला ऑगस्ट जॅक खाहट्सलानो होता. दोर कड्यावर ओढून घेतले, टोकं जमिनीत पुरलेल्या सीडरच्या ओंडक्यांना बांधली आणि वर फळ्या टाकल्या. वारा सुटला की तो पूल इतका आवाज करी की लोक त्याला ‘हसणारा पूल’ म्हणत. १९०३ मध्ये वाखाच्या जागी तारदोर आले, १९५६ मध्ये सगळा पूल पुन्हा बांधला. खाली नदी २३० फुटांवर आणि भोवती समुद्रावरच्या पावसावर पोसलेलं दाट रान. एका माणसाची खासगी वाट तिकिटाची जागा झाली.

कुळाचा मूळपुरुष मात्र मॅके नव्हे. पेरूमध्ये क्वेस्वाचाका हा गवताच्या दोरांचा पूल इंकांच्या रीतीने आजही दरवर्षी नवा विणतात. पंधराव्या शतकात थांगतोंग ग्याल्पो या तिबेटी साधूने लोखंडी साखळ्यांचे पूल बांधले. १८०१ मध्ये अमेरिकेत जेम्स फिन्ली यांनी साखळ्यांना सपाट रस्ता टांगला, आणि पुलावरून गाडी जाऊ लागली. कोकणातला साकव चुलत घराण्यातला. तो झुलत नाही, पण पावसाने नेला की गावाने पुन्हा घालायचा, हा कुळाचार तोच.

या पुलामागचं शास्त्र मोट हाकणाऱ्या गड्याला शिकवावं लागलं नसतं. दोर ओढ सोसतो, दाब सोसत नाही. शिवाय तो जितका सरळ ताणावा तितकी ओढ वाढते, म्हणून झुलता पूल मध्ये पोट सोडतो. मोटेचा नाडा झिजला की शेतकरी तो बदलायचा, कारण बैल आणि विहीर दोन्ही त्याचीच असत. पूल सगळ्यांचा असला की हे काम कुणाचं?

गुजरातमधल्या मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी उघडला आणि ३० ऑक्टोबरला कोसळला. १३५ माणसं गेली. फरशीला लाकडी फळ्यांऐवजी ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले होते, जुने तारदोर तसेच होते. त्यातल्या एकाच्या ४९ तारांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या, असं तपास पथकाला आढळलं. लक्ष्मणझुला जुना झाला म्हणून जुलै २०१९ मध्ये बंद केला, तेव्हा यात्रेकरू हळहळले होते. माझ्या मते तो निर्णय शहाणपणाचा होता. यात्रेत किंवा सहलीत असा पूल लागला, तर एका वेळी किती माणसं चालतात ती पाटी आधी वाचा, आणि गर्दी त्याहून जास्त असेल तर काठावरच थांबा.