निळ्या गायिकेचं कूळ

ल्युक बेसाँच्या 'द फिफ्थ एलिमेंट' (१९९७) या चित्रपटात अंतराळातल्या आलिशान जहाजावर एक निळी, परग्रहावरची गायिका गायला उभी राहते. चित्रीकरण लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमधलं. सुरुवातीला ती गाते ते दोनित्सेत्तीच्या 'लुचिया दी लाम्मेरमूर'मधलं, वेड लागलेल्या नववधूचं गाणं. हा ऑपेरा १८३५ साली नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात प्रथम रंगला. या निळ्या गायिकेची थोरली बहीणही मला त्याच रंगमंचावर भेटते.

तिचं नाव ला स्तिला, ज्यूल व्हर्नच्या कार्पेथियन पर्वतातल्या किल्ल्यावरच्या कादंबरीतली (१८९२). सान कार्लोतल्या तिच्या निरोपाच्या प्रयोगात, बॉक्समधून टक लावून पाहणाऱ्या बॅरन गोर्त्सचा चेहरा दिसताच ती धसका घेते आणि गाता गाता कोसळून मरते. पुढे एका ओसाड किल्ल्यात ती पुन्हा दिसते, गाते. गावकऱ्यांना वाटते तशी ही भुताटकी नसते. ऑर्फानिक नावाच्या संशोधकाने तिचं गाणं आधीच यंत्रात साठवून ठेवलेलं असतं आणि तिचं पूर्णाकृती चित्र आरशांच्या करामतीने समोर उभं केलेलं असतं. शेवटी बंदुकीच्या गोळीने आवाजाची पेटी फुटते, आणि बॅरन आक्रोश करतो तो त्या आवाजासाठी.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा, म्हणजे तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा. तोवर माणसामागे चित्र उरे, पुतळा उरे. गळा मात्र त्याच्याबरोबरच जाई. म्हणून व्हर्नला गायिकाच हवी होती. हे त्याने किती लवकर ओळखलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढे कारेल चापेकने 'माक्रोपुलोस' नाटकात (१९२२) गायिकेलाच ३३७ वर्षांचं आयुष्य दिलं. यानाचेकने त्याचा ऑपेरा केला.

बेसाँच्या चित्रपटात पडद्यावर दिसते माइवेन, गळा आहे अल्बानियाच्या इन्व्हा मुला यांचा. रूप एकीचं, आवाज दुसरीचा: ऑर्फानिकचीच युक्ती. गाण्याचा उत्तरार्ध एरिक सेरा यांनी रचला. त्यातल्या काही झेपा एका दमात घेणं अवघड, म्हणून ते सूर सुटे ध्वनिमुद्रित करून मागाहून जोडले. त्यानंतर कित्येक गायिकांनी ती रचना रंगमंचावर प्रत्यक्ष गाऊन दाखवली आहे.