मधल्या पायरीवरची चिनी

परभाषेच्या अध्ययनाविषयी लिहिताना आपण बहुधा तिच्या दोन टोकांविषयी लिहितो. एक टोक मुळाक्षरांचे, दुसरे अभिजात ग्रंथांचे. मधल्या वर्षाविषयी फारसे कोणी लिहीत नाही. त्या वर्षी विद्यार्थ्याला बाजारात भाव विचारता येतो, कुणाच्या घरी गेल्यावर आईवडिलांची चौकशी करता येते; मात्र हाती वर्तमानपत्र दिले की दुसऱ्याच ओळीत तो अडतो. चिनी भाषेच्या बाबतीत हे मधले वर्ष विशेष अवघड आहे, आणि त्याचे कारण विद्यार्थ्याच्या आळसात नसून त्या भाषेच्या लेखनपरंपरेत आहे. अमेरिकन विद्यापीठांना हे उमगण्यासाठी दुसरे महायुद्ध व्हावे लागले. त्या उमगण्याचा इतिहास पाठ्यपुस्तकांत दडलेला आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी पाठ्यपुस्तकांकडे सहसा तुच्छतेने पाहिले, म्हणून तो येथे थोडा विस्ताराने मांडतो.

महायुद्धापूर्वी विद्यापीठात चिनी शिकणे म्हणजे मुख्यतः जुनी चिनी वाचणे. ती बोलता येणे हा मिशनऱ्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि वकिलातीतल्या लोकांचा प्रांत. या वाचनपरंपरेचे एक थोर उदाहरण आपल्या पुण्यातले आहे. फर्गसन कॉलेजातले पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट यांनी ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास केला. तो प्रबंध १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. ‘विमुत्तिमग्गा’चे मूळ पाली रूप हरवलेले, आणि तो ग्रंथ सबंध उरला आहे तो सहाव्या शतकातल्या चिनी अनुवादात. बापटांना चिनी हवी होती ती त्या अनुवादाच्या पोटातले पाली शोधण्यासाठी. अशा कामाला चिनी अक्षर डोळ्यांना कळले की पुरते. पेकिंगच्या रस्त्यावर ते कसे उच्चारतात याने निष्कर्षात फरक पडत नाही. हे पांडित्य लहान नव्हे. पण ही चिनी कानावाचूनची चिनी होती.

१९४३ साली अमेरिकन सैन्याला नेमकी उलट गोष्ट हवी होती. बोलणारी, ऐकणारी माणसे, आणि तीही काही महिन्यांत. हार्वर्डमध्ये युआन-रेन चाओ आणि येलमध्ये जॉर्ज केनेडी यांनी सैनिकांसाठी वर्ग चालवले. अक्षरे बाजूला ठेवून रोमन लिपीत लिहिलेली वाक्ये तासन्‌तास म्हणून घ्यायची, ही त्या वर्गांची रीत. चाओ हा विलक्षण माणूस. कॉर्नेलमध्ये गणित, हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट, १९२० साली चीनमध्ये आलेल्या बर्ट्रांड रसेलचा दुभाषी, १९२२ साली ‘अ‍ॅलिस’चा चिनी अनुवादक, आणि सुरांचा भेद वर्णांतूनच दाखवणाऱ्या ‘ग्वोयू रोमात्झ’ या रोमन लेखनपद्धतीच्या जनकांपैकी एक. युद्धकाळातल्या अध्यापनातून त्याचे ‘मँडरिन प्रायमर’ १९४८ साली निघाले. पहिली पायरी अशी पक्की झाली.

युद्ध संपले, विद्यार्थी पुन्हा विद्यापीठात आले, आणि मधल्या वर्षाचा प्रश्न उघडा पडला. बोलायला शिकलेल्या मुलाला वाचायला बसवायचे कसे?

ही अडचण मराठी वाचकाला एका उदाहरणाने सांगता येईल. चिनी बोलीत डोळ्यांना ‘येन्-जिंग’ म्हणतात. जुन्या लेखी भाषेत मात्र एकच अवयव पुरतो, ‘मू’. गंमत अशी की त्याच सुरातला ‘मू’ म्हणजे लाकूडही, पडदाही आणि थडगेही. कागदावर या चारांची चार वेगळी अक्षरे आहेत, त्यामुळे डोळ्यांचा घोटाळा होत नाही. कानाला मात्र चौघे एकच. बोली भाषेने हा गोंधळ दोन-दोन अवयवांचे शब्द घडवून टाळला. लेखी भाषेला तो टाळण्याची गरजच नव्हती. १९१९च्या चळवळीच्या सुमारास चिनी लेखकांनी जुन्या भाषेविरुद्ध बंड केले आणि बोलीवर आधारलेले गद्य रूढ झाले हे खरे. तरी वृत्तपत्र, कचेरी आणि विद्वानांचा निबंध यांत जुन्या भाषेचे तुकडे राहिलेच. आपल्याकडेही ‘सदरहू’ आणि ‘किंबहुना’ घरात कोणी बोलत नाही. पण देवनागरी उच्चार सांगते, म्हणून ‘सदरहू’ मोठ्याने वाचला तर ऐकणाऱ्याला निदान शब्द तरी पकडता येतो. तुटक, एकावयवी लेखी चिनी मोठ्याने वाचली तर पुष्कळदा तेवढेही साधत नाही. चाओने याच गोष्टीची थट्टा करणारी एक गोष्ट रचली होती. तिच्यात पाषाणगुहेतला कवी सिंह खायला निघतो आणि सगळी अक्षरे उच्चाराला, सुराचा भेद सोडला तर, एकच. डोळ्यांना ती अर्थपूर्ण, कानाला निव्वळ फुसफुस. पुढे अनेकांनी ही गोष्ट रोमन लिपीविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली. स्वतः चाओ रोमन लेखनाचा पुरस्कर्ता होता, हे विसरून. कानाला न कळणारी ती भाषा आजची बोली नव्हेच, एवढे त्या गोष्टीतून दिसते.

या पेचाला ज्याने सर्वांत हट्टी उत्तर दिले तो जॉन डीफ्रान्सिस. जन्म १९११. येलची पदवी घेऊन १९३३ साली तो चीनला गेला, १९३५ साली चंगीझखानाच्या वाटेवरून मंगोलिया व वायव्य चीनमधून हजारो मैलांचा प्रवास करून आला. १९५० साली चिनी राष्ट्रवाद व भाषासुधारणा यांवरचा त्याचा ग्रंथ निघाला. त्याच सुमारास सिनेटर मॅकार्थीने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ओवेन लॅटिमोरवर रशियाचा हेर असल्याचा आरोप केला. डीफ्रान्सिस तिथेच शिकवत होता. तो सहकाऱ्याच्या बाजूने उभा राहिला आणि काळ्या यादीत गेला. १९५४ साली त्याची नोकरी संपली. चिनी भाषेचा हा पंडित काही काळ व्हॅक्यूम क्लीनर विकत फिरला, आणि तेही त्याला जमले नाही.

१९६१ साली न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठाने त्याला पाठ्यपुस्तके लिहायला बोलावले. पैसा केंद्र सरकारच्या शिक्षणखात्याचा होता. १९५७च्या स्पुटनिकने हादरलेल्या सरकारला आता चिनी जाणणारी माणसे हवी होती. ज्या वातावरणाने या माणसाला वर्गाबाहेर काढले, त्याच शीतयुद्धाच्या भीतीने त्याला परत वर्गात आणले! इतिहासाची ही खोड आहे.

त्यातून बारा खंडांची माला झाली. ‘बिगिनिंग चायनीज’ १९६३ साली, ‘इंटरमीजिएट चायनीज’ १९६४ साली, पाठोपाठ प्रगत पुस्तक. विलक्षण गोष्ट अशी की ‘इंटरमीजिएट चायनीज’चे पाठही रोमन लिपीत आहेत. तेच पाठ चिनी अक्षरांत वेगळ्या खंडात, आणि वाचनमाला आणखी वेगळी. बोलणे आणि वाचणे ही दोन कामे. एकाला दुसऱ्यासाठी थांबवू नका, असे त्याचे म्हणणे. रोमन लिपीही कोणती, तर १९५८ साली पेकिंगच्या साम्यवादी सरकारने स्वीकारलेली पिनयिन. अमेरिकेत तेव्हा वेड-जाइल्स किंवा येलची पद्धत चाले. काळ्या यादीतून बाहेर पडलेल्या माणसाने ही निवड करावी, याला धैर्य लागते.

वाचनमालेतही त्याचा आग्रह दिसतो. प्राथमिक, मध्यम, प्रगत या प्रत्येक टप्प्याला नवी अक्षरे चारशेच. पण त्या अक्षरांचे जोडशब्द कितीतरी. ‘दिएन’ म्हणजे वीज. ‘दिएन-हुआ’, विजेचे बोलणे, म्हणजे टेलिफोन. ‘दिएन-यिंग’, विजेची सावली, म्हणजे चित्रपट. अक्षर ओळखले म्हणजे शब्द आला असे नव्हे, हे विद्यार्थ्याच्या मनावर ठसावे म्हणून ही रचना.

या उत्तराची किंमतही सांगितली पाहिजे. चारशे अक्षरांच्या कुंपणात बसतील अशी वाक्ये कोणाला तरी घडवावी लागतात, आणि घडवलेल्या वाक्यांना लेखक नसतो. मधल्या वर्षभर विद्यार्थी शेकडो पाने वाचतो, पण लू शुनचे एक पानही त्याच्या वाट्याला येत नाही. साहित्याच्या शिक्षकाला हे बोचते. मला तरी बोचते. चाओला ही उणीव जाणवली असावी. त्याने १९६८ साली ‘रीडिंग्ज इन सेएबल चायनीज’ हे तीन भागांचे पुस्तक काढले. ‘सेएबल’ म्हणजे म्हणता येण्याजोगी. मोठ्याने वाचली तर समोरच्याला कळेल अशीच चिनी त्यात आहे. त्यातल्या एका भागात अ‍ॅलिस आरशापलीकडे जाते, चाओच्याच अनुवादात. विद्यार्थ्याने हसावे असे मधल्या पायरीचे पुस्तक मला दुसरे ठाऊक नाही.

जाता जाता एक नोंद. १९७०च्या दशकात मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तके केली, त्यांतही मध्यम वाचनाचे स्वतंत्र पुस्तक आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी ते एकदा पाहावे. आपल्या बोली आणि लेखी भाषेतली दरी परक्याला कुठे अडवते, हे त्यातून दिसते. आपल्याला ती दरी दिसत नाही, कारण आपण तिच्यावरून लहानपणीच उडी मारलेली असते.

डीफ्रान्सिस १९६६ साली हवाई विद्यापीठात गेला, दहा वर्षांनी निवृत्त झाला आणि नंतरच त्याने आपली सर्वांत वादग्रस्त पुस्तके लिहिली. पंच्याऐंशीच्या घरात असताना, १९९६ साली, त्याचा ‘एबीसी’ चिनी-इंग्रजी कोश निघाला. तोवरच्या चिनी कोशांत आधी अक्षर शोधायचे आणि मग त्याच्या पोटात शब्द. या कोशात सगळे शब्द सरळ पिनयिनच्या वर्णक्रमाने लावलेले. ऐकलेला शब्द अक्षर माहीत नसतानाही सापडावा, एवढीच त्यामागची इच्छा. २००९ साली तो वारला. आज मधल्या वर्षातला विद्यार्थी फोनवर पिनयिन टंकतो आणि खाली उमटलेल्या अक्षरांतून हवे ते निवडतो. आधी आवाज, मग अक्षर. वाचता येते, लिहिताही येते. फक्त हातात पेन दिले की तेच अक्षर आठवत नाही, आणि ही तक्रार आता चिनी लोकही स्वतःविषयी करतात.