तळहौदाचा इतिहास : काचेतल्या समुद्राची अंधारी बाजू

मंडळी, अणदूरहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र काही हाताशी येत नाही. म्हणूनच हा विषय इथे मांडावासा वाटला. प्रवाळ म्हणजे समुद्रातला सगळ्यात नाजूक जीव. त्याला काचेच्या टाकीत जगवायचं, तर माणसाला एक फार लाडकी कल्पना सोडावी लागली. तिची ही गोष्ट.

१८५० साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. एका भांड्यात सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी. माशांनी सोडलेला कर्बवायू वनस्पती घेतात, त्या प्राणवायू देतात, सडकी पानं गोगलगायी खातात. पाणी बदलायला नको. भांडं स्वयंपूर्ण! तत्त्वज्ञानाच्या माणसाला भुरळ पडावी अशीच ही रचना : बंद, समतोल, आपल्यात पुरेसं विश्व. पुढे १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं पुस्तक आलं आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत समुद्री जीवांच्या टाक्यांची लाट आली. पण लहानशा भांड्यात एक जीव मेला, की सगळंच पाणी नासायचं.

यावरचं उत्तर एका दुकानदाराने दिलं, हे मला विशेष वाटतं. विल्यम आल्फर्ड लॉइड लंडनमध्ये अशा टाक्या विकत असे. पुढे त्याने १८६४ मध्ये हँबर्गला आणि १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला सार्वजनिक मत्स्यालयं उभी केली. क्रिस्टल पॅलेसला त्याने पाण्याचा मोठा साठा प्रेक्षकांसमोर ठेवलाच नाही. तो जमिनीखालच्या अंधाऱ्या हौदात होता, दिसणाऱ्या टाक्यांच्या कितीतरी पट. पंप तेच पाणी अखंड वर चढवायचे, ते टाक्यांतून वाहून परत खाली यायचं. अंधारात पाणी थंड राहतं, शेवाळ माजत नाही. आणि साठा मोठा असला की एखाद्या मरतुकीचं विष पातळ होतं. आजच्या हौशी लोकांचा ‘संप’ याच हौदाचा धाकटा वंशज. (संप म्हटलं की आमच्या पिढीला गिरण्याच आठवतात, म्हणून मी तळहौद म्हणतो.)

तो चालतो कसा? वरच्या टाकीच्या काठावरून पाणी ओसंडतं. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल तुम्ही पाहिलाय. बंधारा भरला की नर-मादीच्या वाटेने पाणी कोसळतं. तत्त्व तेच, ओसंडतं ते वरचं पाणी. टाकीत वरच्याच थरावर तेलकट साय धरते, म्हणून ती आधी खाली जाते. खाली कापडी पिशवी गाळ धरते, मग प्रोटीन स्किमर बारीक बुडबुड्यांनी चिकट मळ फेसावर आणून बाहेर काढतो. आडव्या काचांमधून जाताना बुडबुडे निवतात आणि पंप पाणी वर धाडतो.

तरी एक गोष्ट उरते. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया जिवाणू नायट्रेटपर्यंत आणतात आणि ते साठत जातं. इथे वनस्पती परत आली, पण वेगळ्या खोलीत. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात वॉल्टर अ‍ॅडे यांनी १९८० मध्ये प्रवाळाची टाकी मांडली. पाण्याची शुद्धी शेवाळावर सोपवली, आणि शेवाळावरचे दिवे रात्री लावले. वरच्या टाकीत अंधार झाला की कर्बवायू वाढतो, तो खालचं शेवाळ शोषतं. रेफ्युजियम म्हणजे आसरा. शेवाळाच्या गुंत्यात सूक्ष्म जीव माशांच्या तोंडापासून सुरक्षित वाढतात आणि पंपातून प्रवाळाचं अन्न होऊन वर जातात. म्हणजे वॉरिंग्टन चुकला नव्हता. एकाच भांड्याचा हट्ट चुकीचा होता. आपला खंडोबाही काही महिने अणदूरला, काही नळदुर्गला नांदतो.

आता आपल्याकडचं. वीज गेली की वरचं पाणी खाली येतं. म्हणून तळहौद कधी काठोकाठ भरू नये, आणि परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक भोक ठेवावं, नाहीतर सायफन लागून घरभर पाणी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. भर घालायची ती गोड्या पाण्याची. बोअरचं जड पाणी चालत नाही, आरओचं लागतं. आणि आरओ यंत्र जेवढं देतं त्याहून बहुधा जास्त फेकतं. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी कुणी शंभर लिटरच्या टाकीची गोष्ट काढली असती, तर मी त्याला दारातून परत पाठवलं असतं. आजही, फेकलेलं पाणी भांड्यांना, फरशीला वापरायची सोय आधी करा, टाकी नंतर.

आणि प्रवाळ कुठून आणणार? कठीण सांगाड्याचे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातला एक तुकडाही काढता येत नाही. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे पाण्यात डोकं घालून बघा. त्याला तळहौद लागत नाही.