तार कुठून आली? दातांच्या उपचारांचा इतिहास नांदेडहून वाचताना

ऑर्थोडॉन्टिक्सचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, पहिलं प्रकरण इतिहासाचं असतं आणि ते सगळीकडे जवळपास सारखंच असतं. एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली वेड्यावाकड्या दातांचं वर्गीकरण केलं, १९२८ साली एजवाइज उपकरण आणलं. मग ऑस्ट्रेलियाचे रेमंड बेग, मग अँड्र्यूज यांची १९७२ ची सहा सूत्रं आणि शेवटी पारदर्शक अलायनर. परीक्षेसाठी एवढं पुरतं. संशोधनासाठी मात्र पुरत नाही, कारण ही यादी शोधांची आहे. शोध लागला म्हणजे तो नांदेडच्या वजिराबादेतल्या दवाखान्यात पोचला असं होत नाही. कसा पोचला आणि पोचताना त्याचं काय झालं, हे विचारलं की इतिहासाचा विषय सुरू होतो.

१९४८ हे एकच साल घ्या. २९ मार्चला भारतात डेंटिस्ट्स ॲक्ट झाला. दंतवैद्य कुणाला म्हणायचं हे पहिल्यांदा देशपातळीवर ठरलं आणि पुढच्या वर्षी डेंटल कौन्सिल उभी राहिली. पण त्या मार्चमध्ये नांदेड भारतात नव्हतंच. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, १७ सप्टेंबरपर्यंत. त्याच साली तिकडे अमेरिकेत, इलिनॉयमध्ये, विल्यम डाउन्स यांनी डोक्याच्या बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रांवरून चेहऱ्याची मोजमापं प्रसिद्ध केली. तिन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आज नांदेडच्या एखाद्या मुलीच्या दातांचा निर्णय होतो तेव्हा त्या तिन्ही त्या खोलीत हजर असतात.

आधी कायदा बघू, कारण त्यातून साधन मिळतं. या कायद्याने राज्याराज्यांत नोंदवह्या आल्या आणि नोंदवहीचे दोन भाग झाले. ‘अ’ भागात पदवी किंवा मान्य पात्रता असलेले. ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. म्हणजे वडिलांकडून किंवा उस्तादाकडून कवळी बनवायला शिकलेल्या माणसालाही कायद्याने दार उघडं ठेवलं होतं. ते पहिल्या नोंदणीपुरतं होतं, पुढे बंद होत गेलं. माझ्या मते ही ‘ब’ यादी आपल्या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित साधनसामग्री आहे. आपण ‘भोंदू’ म्हणून एका शब्दात मोकळे होतो, पण सरकारने त्यांना एकेकाळी नाव-पत्त्यासकट मान्य केलं होतं.

मराठवाड्यावर काम करणाऱ्याची अडचण अशी की १९४८ नंतरही हा भाग हैदराबाद राज्यातच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्यामुळे मुंबईच्या कागदांत नांदेड शोधत बसलात तर १९५६ च्या आधीचं हाती लागायचं नाही. तारनाक्याचं हैदराबादचं पुराभिलेखागार गाठावं लागेल. आणि संस्थानाचा राज्यकारभार उर्दूत चालायचा, तेव्हा उर्दू वाचायला शिका. सहा महिने लागतात, पण तेवढ्याने तुम्ही नव्वद टक्के स्पर्धकांच्या पुढे जाल (ही टक्केवारी माझी, मनाची आहे). लातूर शोधताना तर आणखी एक गंमत. लातूर जिल्हा १९८२ साली झाला, त्याआधीचं बरंचसं उस्मानाबादच्या दप्तरात.

आता डाउन्स. त्यांची मोजमापं २० मुलामुलींवर आधारलेली होती. वय १२ ते १७, सगळी गोरी, सगळ्यांचे दात उत्तम. त्याआधी अँगल तर सुंदर चेहऱ्याचा नमुना म्हणून अपोलोच्या पुतळ्याकडे बोट दाखवत. मोजणं हे पुतळ्यापेक्षा नक्कीच पुढचं पाऊल होतं. प्रश्न पुढे येतो. ‘सरासरी’ म्हणून छापलेला आकडा प्रवास करता करता ‘योग्य’ होऊन बसतो. ओठ आणि समोरचे दात किती पुढे असावेत याचा आकडा एका समूहाचा आणि चेहरा दुसऱ्या समूहाचा असेल, तर निरोगी चेहराही सदोष वाटू लागतो. त्याचा परिणाम कागदावर राहत नाही. जागा करण्यासाठी चार उपदाढा काढायच्या की नाही, हा निर्णय अशा आकड्यांच्या आधाराने होतो. काढलेला दात परत येत नाही. म्हणूनच आपल्याकडे अनेक पदव्युत्तर प्रबंध ‘अमुक भागातील लोकसंख्येची मानके’ या साच्याचे दिसतात. या प्रबंधांना कंटाळवाणे म्हणायची फॅशन आहे. मला ते तसे वाटत नाहीत. डॉक्टरांनी इंग्रजीतून, तक्त्यांच्या भाषेत घातलेला तो एक वाद आहे: आमचा चेहरा मुळात चुकीचा नाही.

तंत्राचा इतिहासही असाच साहित्याच्या बाजूने वाचून बघा. अँगल सोन्याच्या मिश्रधातूची तार वापरत, म्हणजे उपचार श्रीमंतांचाच. १९३० च्या दशकापासून स्टेनलेस स्टील आलं आणि किंमत खाली आली. बेग यांनी विल्कॉक नावाच्या धातुतज्ज्ञाकडून बारीक पण भरपूर स्प्रिंग असलेली पोलादी तार करवून घेतली आणि १९५६ साली हलक्या बलाचं आपलं तंत्र मांडलं. भारतातल्या पदव्युत्तर विभागांत हे तंत्र बराच काळ शिकवलं गेलं. का, याचं उत्तर बहुतेक जण ‘गुरूंनी शिकवलं म्हणून’ असं देतात. माझं गृहीतक वेगळं आहे: साहित्य स्वस्त आणि दोन भेटींमधलं अंतर जास्त ठेवता येतं. किनवटहून नांदेडला यायचं म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त एसटी. भेटी कमी लागणारं तंत्र अशा ठिकाणी टिकणारच. हे सिद्ध झालेलं नाही, तुम्ही तपासा.

आणि किनवटचं नाव निघालंच आहे तर या लेखातला मला सगळ्यात आवडणारा धागा सांगतो. पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा बसवून त्याला ब्रॅकेट जोडावं लागे. १९५५ साली रॉचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावलं तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि त्याला रेझिन घट्ट चिकटतं. पुढच्या दहा-वीस वर्षांत ब्रॅकेट सरळ दातावर चिकटवायची पद्धत रूढ झाली. पट्टे गेले, वेळ वाचला, दिसायलाही बरं. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट इथे संपते.

नांदेड जिल्ह्यात ती इथे सुरू होते. जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि किनवटकडच्या काही गावांतल्या मुलांचे दात पांढऱ्या-तपकिरी डागांचे असतात. भारतात या विकाराची नोंद १९३७ साली नेल्लोर भागातून शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली होती. फ्लोराइड जास्त झालेल्या इनॅमलचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही. नेहमीइतका वेळ आम्ल ठेवलं तर पुरेसा खडबडीतपणा येत नाही आणि ब्रॅकेट निसटतं. मग डॉक्टर आम्ल जास्त वेळ ठेवतात, वरचा पातळ थर घासून काढतात, किंवा सरळ जुन्या पट्ट्याकडे वळतात. म्हणजे पाठ्यपुस्तकाने कालबाह्य ठरवलेलं तंत्र इथे अजून कामाचं असू शकतं.

यात काळाची जुळणी बघा. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रभर बोअरवेलचा झपाटा सुरू झाला. आडाचं पाणी सुटलं, खोलवरच्या खडकातलं पाणी घरात आलं, आणि जिथे खडकात फ्लोराइड तिथे पाण्यातही. समोरच्या कायम दातांचं इनॅमल जन्मापासून साधारण पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत घडतं. तेव्हा बोअरच्या पाण्यावर वाढलेली पहिली पिढी तारा लावण्याच्या वयात आली ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. औरंगाबादचं सरकारी दंत महाविद्यालय निघालं १९८२ साली. दात चिकटवायचं तंत्र शिकलेले डॉक्टर आणि ज्यांना ते तंत्र नीट लागू पडत नाही असे दात, दोन्ही मराठवाड्यात साधारण एकाच सुमारास तयार झाले. हा दावा पक्का करायला तुम्हाला दंतविभागाच्या नोंदींबरोबर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे गावनिहाय पाण्याचे तपासणी अहवाल लागतील. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे कोणी सांगत नाही की त्याचं अर्धं पुराभिलेखागार पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहे.

दवाखाना कसा चालतो, यावर लिहिणारं तर फारच थोडं. जिल्ह्याच्या गावात बऱ्याचदा दवाखाना एका डॉक्टरचा असतो आणि तारा लावणारा तज्ज्ञ ठरलेल्या वारी येतो. फी हप्त्याहप्त्याने. या सगळ्याचा पुरावा म्हणजे अपॉइंटमेंटची डायरी, पावतीपुस्तक आणि उपचारापूर्वी घेतलेले प्लास्टरचे साचे. साचे जागा खातात, म्हणून माळ्यावरून कचऱ्यात जातात. डॉक्टर निवृत्त झाले की डायऱ्या रद्दीत. त्यामुळे हे काम आत्ताच व्हायला हवं. मात्र ती रुग्णांची माहिती आहे. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, नावं झाकूनच नोंदी उतरवा.

समजा अशा डायऱ्या लातूरमध्ये मिळाल्या, तर पहिली एक गोष्ट करून बघा. अकरावी-बारावीसाठी बाहेरगावची पोरं लातूरला दोन वर्षं राहतात. साध्या तारांचा उपचारही दीड-दोन वर्षांचाच. उपचार सुरू झाल्याच्या तारखा एका रकान्यात, तारा काढल्याच्या दुसऱ्या रकान्यात लिहा, आणि शेजारी अकरावीचे प्रवेश आणि नीटच्या परीक्षेच्या तारखा मांडा.