पाण्याखालचे दप्तर

काचीगुड्याच्या आमच्या घरी गेल्या वर्षी दिवाळीला भाची आली, ती फराळाच्या डब्याबरोबर एक जाडजूड पाकीट घेऊन. फोनच्या काचेवर मला नीट दिसत नाही, म्हणून तिने मुद्दाम छायाचित्रांच्या प्रती कागदावर काढून आणल्या होत्या. काळीभोर वाळू, काळा खडक, त्यावर पंख्यासारखे पसरलेले काहीतरी जांभळट, आणि वर निळ्या पाण्यातून उतरणारा उजेड. शेजारच्या अम्मा चहाला आल्या होत्या. त्यांनी एका चित्रातल्या धुरकट डोंगराकडे बोट दाखवून विचारले, "अग्निपर्वतमा?" तेलुगूत ज्वालामुखीला अग्निपर्वत म्हणतात. भाची म्हणाली, "हो अम्मा. आणि मामा, बाकीची सगळी त्याच डोंगराच्या पायथ्याची आहेत, पाण्याखालच्या."

ते बेट म्हणजे अंदमानातले बॅरन. भारताच्या हद्दीतला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेचे नळकांडे बांधून बुडी मारण्याची विद्या. ती भाचीने हॅवलॉक बेटावर, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपावर शिकून घेतली आणि पुढे एका बोटीने ती बॅरनपर्यंत गेली. मी प्रती उलटून पाहिल्या. मागची बाजू कोरी. "हे केव्हाचे? किती खोलीवरचे? बेटाच्या कोणत्या अंगाचे?" तिला दोन-तीन सांगता आली, उरलेली नाहीत. त्याआधीच्या खेपेची चित्रे तर फोन बदलताना गेलीच होती. "पण मामा, चित्र चांगले आहे ना?" ती म्हणाली. चित्र चांगलेच होते. हा लेख त्या कोऱ्या पाठीबद्दल आहे.

•

अंदमान म्हटले की मराठी माणसाला आधी सेल्युलर तुरुंग आठवतो. १९११ साली सावरकर तिथे नेले गेले आणि तेव्हापासून ते बेट आपल्या घराघरांत पोचले. आम्हा हैदराबादकरांचे नाते त्याहून जुने आहे. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाझ खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या पुढारीपणाखाली इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. कोठीतली ती खांबांची भव्य इमारत आमच्या काचीगुड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. हल्ला फसला. मौलवी अल्लाउद्दीन यांना जन्मठेपेवर काळ्या पाण्याला धाडण्यात आले.

त्याच १८५७ च्या अखेरीस, बंडातल्या कैद्यांना ठेवायला जागा शोधण्यासाठी कंपनी सरकारने डॉ. मूआट यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती अंदमानला पाठवली. समितीबरोबर मॅलिट नावाचा एक फ्रेंच छायाचित्रकार होता. तुरुंगाची जागा पाहायला निघालेल्या या मंडळींनी वाटेत बॅरनही पाहिले. आमच्या शेजारच्या रेसिडेन्सीवरचा हल्ला आणि बॅरनच्या दिशेने निघालेला कॅमेरा, दोन्ही एकाच वर्षातले.

बॅरनची लेखी हकिकत मात्र आणखी मागे जाते. १७८७ मध्ये तिथल्या उद्रेकाची पहिली नोंद सापडते. मार्च १७८९ मध्ये बॉम्बे मरीनचा अधिकारी आर्चिबाल्ड ब्लेअर तिथे पोचला, तेव्हा डोंगर धडधडत होता. तीन-चार टन वजनाचे तापलेले दगड शंकूच्या पायथ्यापलीकडे शेकडो यार्ड फेकले गेल्याचे त्याने लिहून ठेवले. पोर्ट ब्लेअरला पुढे याचेच नाव मिळाले. २०२४ पासून ते शहर श्री विजयपुरम झाले आहे.

ब्लेअरनंतर आलेल्यांनी एक बारीक गोष्ट केली, आणि ती मला फार मोलाची वाटते. बेटाच्या किनाऱ्यावर एक उष्ण झरा होता. जो येई तो त्यात तापमापक बुडवी आणि आकडा तारखेसह टिपून ठेवी. आरंभीच्या पाहुण्यांना पाणी जवळजवळ उकळते वाटले होते, नंतरच्यांना ते कोमट होत गेलेले आढळले. भूगर्भखात्याच्या मॅलेट यांनी १८८५ साली आपला प्रबंध लिहिला, तेव्हा हे विखुरलेले आकडे ओळीने मांडून डोंगर निवत चालल्याचे त्यांना दाखवता आले. एकेका आकड्याला किंमत नव्हती. तारीख होती म्हणून ओळ लागली.

पण या साऱ्यांनी पाहिले ते जहाजाच्या कठड्यावरून किंवा किनाऱ्यावरून. पाण्यावर दिसणारे बॅरन जेमतेम तीन किलोमीटर रुंद आणि सुमारे साडेतीनशे मीटर उंच आहे. पाण्याखाली तोच डोंगर दोन हजार मीटरहून अधिक खोल उतरतो. म्हणजे दोनशे वर्षे आपण शिखराचाच इतिहास लिहीत होतो.

•

पाण्याखाली कॅमेरा नेण्याची खटपट मूआट समितीच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर झाली होती. विल्यम थॉम्पसन यांनी पेटीत बंद केलेला कॅमेरा होडीतून खाली सोडला. पेटीत पाणी शिरले, तरी समुद्रतळाची अंधुक प्रतिमा काचेवर उमटली. १८९३ मध्ये फ्रान्सच्या लुई बुताँ यांनी पाणबुड्याचा पोशाख चढवून स्वतः खाली जाऊन छायाचित्रे घेतली. १९२६ मध्ये अमेरिकेच्या फ्लॉरिडालगत लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत चित्र मिळवले. आणि १९४३ मध्ये कुस्तो व गान्यां यांनी श्वासाबरोबर हवा पुरवणारे यंत्र सिद्ध केल्यावर वरून येणाऱ्या नळीचे बंधन सुटले. माणूस माशासारखा मोकळा झाला.

तरी पाणी सहजासहजी वश होत नाही. दहा मीटर खाली गेले की अंगावरचा दाब दुप्पट होतो. रंगांमध्ये तांबडा सर्वांत आधी हरवतो, आणि काही मीटरांवरच लाल प्रवाळ काळपट दिसू लागते. म्हणून पाणबुडे आपल्याबरोबर दिवा नेतात आणि त्याच्या उजेडात मूळ रंग पुन्हा उमटतो. काचेतून पाहताना वस्तू आहे त्यापेक्षा जवळ आणि मोठी भासते. याचा अर्थ इतकाच, की पाण्याखालचे चित्र पाहून खोली किंवा आकार नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. ते घेणाऱ्यानेच सांगायला हवे.

•

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. ज्वालामुखीच्या बेटाभोवती घेतलेले चित्र इतर ठिकाणच्या चित्रापेक्षा वेगळे का?

काचीगुडा स्टेशनातून गाडी मनमाडकडे निघते, तेव्हा खिडकीतून हैदराबादचे ते प्रसिद्ध गोलमटोल धोंडे दिसतात. तो ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. नांदेड जिल्ह्यात केव्हातरी तो मागे पडतो आणि काळा कातळ सुरू होतो. साधारण त्याच टापूत तेलुगूची मराठी होत जाते, हे आमच्यासारख्या दुभाषी घरांना सांगायला नको. हा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याचे लोट आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत पोचले. तिथल्या लाव्ह्याच्या थरांमध्ये खाडीच्या पाण्यातल्या शिंपल्यांचे अवशेष सापडतात, म्हणजे आपला दख्खनचा दगड गोदावरीच्या मुखाशी समुद्राला भेटला होता. त्या निवलेल्या दगडावर पुढे जीव कसा रुजला, किती वर्षांत रुजला, हे पाहायला कोणी नव्हते.

बॅरनला पाहणारे आहेत. दीडशेहून अधिक वर्षांच्या झोपेनंतर मार्च १९९१ मध्ये तो डोंगर जागा झाला. १९९४-९५ मध्ये पुन्हा उसळला, २००५ च्या मेमध्ये पुन्हा. १९९१ आणि १९९४-९५ मध्ये लाव्हा वाहत पश्चिमेकडे समुद्रात उतरला. त्याखाली जे प्रवाळ आले ते जळून गेले. पण त्या जागी जी नवी जमीन झाली, तिची जन्मतारीख आपल्याला ठाऊक आहे. त्यावर आज जे प्रवाळ दिसेल, त्याचे वय त्या तारखेहून जास्त असूच शकत नाही. चित्रावर तारीख असेल तर वजाबाकी करून वाढीचा वेग हाती लागतो. पृथ्वीवर अशा जागा थोड्या आहेत.

इंडोनेशियात असे काम झाले आहे. बांदा बेटांतला (आपल्या सिंधुदुर्गातल्या बांद्याशी याचा संबंध नाही) गुनुंग आपी नावाचा डोंगर १९८८ मध्ये फुटला आणि लाव्हा समुद्रात गेला. गुनुंग आपी या नावाचा अर्थही आगीचा डोंगर, म्हणजे आमच्या अम्मांचा अग्निपर्वतच. पाच वर्षांनी अभ्यासकांनी बुडी मारली, तेव्हा त्या काळ्या लाव्ह्यावर प्रवाळाच्या १२० हून अधिक जाती दिसल्या. काही प्रवाळांची पसरट टेबले ९० सेंटिमीटरपर्यंत वाढली होती. पूर्वी असा खडक सावरायला कितीतरी दशके लागतात अशी समजूत होती. ती पाच वर्षांच्या मोजमापाने हलली.

•

हे सारे आजच का लिहायचे? कारण आता धोका लाव्ह्याचा नाही, पाण्याच्या तापण्याचा आहे. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या अंगातले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानात हे घडले. २०१० चा फटका विशेष कडक होता. उद्रेक एका अंगाला जाळतो, उष्मा सगळ्या बेटांना एकदम गाठतो.

गंमत अशी, की या समुद्रावर नजर ठेवणारे एक प्रमुख कार्यालय समुद्र नसलेल्या आमच्या हैदराबादेत आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेले महासागर माहिती सेवा केंद्र त्सुनामीचे इशारे देते, तसे उपग्रहाने मोजलेल्या तापमानावरून प्रवाळ पांढरे पडण्याची पूर्वसूचनाही देते. पण उपग्रहाला वरचे पाणी दिसते. खाली प्रवाळ खरोखर मेले की तगले, हे बुडी मारणाराच सांगू शकतो.

आणि योगायोगाने हजर असलेला साक्षीदार किती मोलाचा असतो, हे जानेवारी २०१७ मध्ये दिसले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अभय मुधोळकर आणि सहकारी 'सिंधु संकल्प' जहाजावरून बॅरनजवळ समुद्रतळाचे नमुने घेत असताना, २३ तारखेला डोंगर अचानक राख ओकू लागला. जहाज त्यांनी सुमारे मैलभर दूर घेतले आणि तिथून निरीक्षण चालू ठेवले. दिवसा राखेचे ढग, रात्री लाव्ह्याचे कारंजे. त्यांनी दिवस टिपून ठेवला, म्हणून ती नोंद झाली. नाहीतर ती बोटीवरची एक आठवण राहिली असती.

राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' गोळा करताना गावोगावचे माळे आणि पेटारे धुंडाळले. ज्या घरांनी ते कागद जपले होते, त्यांना त्यांची किंमत ठाऊक असायचीच असे नाही. पण कागदावर बहुधा मिती असे, ठिकाण असे, लिहिणाऱ्याचे नाव असे, म्हणून रद्दीतून इतिहास निघाला. आज आपली मुले मालवणला बुडी मारतात, अंदमानला जातात आणि शेकडो चित्रे घेऊन परततात. बॅरनवर पर्यटकांना उतरू देत नाहीत, पण पाण्यातून आणलेले चित्र घरी येते. ते प्रवाळाचा तुकडा आणण्यापेक्षा शतपटीने बरे. २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे कडक संरक्षण आहे, आणि तुकडा आणणे गुन्हा ठरतो. चित्र मात्र नि:शंक आणावे. फक्त त्याच्या पाठीवर चार गोष्टी लिहाव्यात: तारीख, जागा, खोली आणि घेणाऱ्याचे नाव. पुढच्या वर्षी त्याच जागी गेलात तर त्याच कोनातून पुन्हा एक घ्यावे.

त्या दिवशी फराळ झाल्यावर भाची आणि मी पाकीट घेऊन बसलो. तिच्या बुडीच्या वहीत खोल्या आणि वेळा होत्या, फोनमध्ये तारखा होत्या. एकूण ४१ चित्रे. २६ जुळली. उरलेल्या १५ च्या मागे तिने पेन्सिलीने 'बॅरन, वर्ष ठाऊक, जागा नाही' असे लिहिले आणि पाकीट माझ्या कपाटात, आजोबांच्या कागदांशेजारी ठेवले. यंदा ती पुन्हा जाणार आहे. जाताना पाकीट मागून घेईन म्हणाली.