कोठडीपासून घरापर्यंत

‘याला येरवड्याला धाडा!’ असे आपण थट्टेने सहज म्हणतो. या थट्टेमागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो आज थोडक्यात पाहू.

इंग्रज सरकारने 1858 साली वेड्यांच्या इस्पितळांविषयी कायदा केला. नागपूरचे इस्पितळ 1864 चे, ठाण्याचे 1901 चे. रोग्याला आसरा मिळावा हा हेतू त्यात नव्हता असे नाही. परंतु गावाला त्याचा उपद्रव होऊ नये, हा हेतू अधिक बलवान होता. पुढे 1912 चा कायदा आला. त्याने आत धाडण्याची रीत बारकाईने ठरवली. बऱ्या झालेल्याने कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आपल्याच जिल्ह्यात, राहुरीस, 1936 साली मेहेरबाबांनी वेड्यांसाठी आश्रम काढला. त्यांचा हेतू आध्यात्मिक होता, वैद्यकीय नव्हे. तथापि ज्यांना कोणी शिवत नसे, त्यांना ते स्वतः न्हाऊमाखू घालीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नंतर अमृतसरच्या इस्पितळात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रोग्यांच्या नातलगांनाच सोबत राहावयास बोलावले. घरची माणसे शुश्रूषा शिकली आणि रोगी घरी परतू लागले. याच सुमारास, 1952 पासून, नवी औषधे आली आणि पुष्कळांना भिंतीआड ठेवण्याचे कारणच उरले नाही. सरकारने 1982 साली राष्ट्रीय आणि 1996 साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला.

तरीही 2001 साली तामिळनाडूत एर्वाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडाने बांधलेले 28 रोगी होरपळून मेले. देश हादरला. पुढे 2017 च्या कायद्याने साखळदंडास बंदी केली. केवळ घरचे स्वीकारीत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्यासाठी कोणाला इस्पितळात डांबून ठेवू नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. अशांसाठी सरकारने निवारागृहे व लहान सामूहिक घरे उभारावीत, किंवा उभारणाऱ्यांस साहाय्य करावे, असा त्याचा आदेश आहे.

परंतु कायद्याने घर बांधता येते, शेजार बांधता येत नाही. आपल्या जिल्ह्यात शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे यांच्या माउली सेवा प्रतिष्ठानने रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांना, त्यांच्या मुलांसह, घर दिले. हे काम एका दांपत्यावर सोपवून आपण स्वस्थ बसावे काय? बरा होऊन आलेल्याला भाड्याने खोली कोण देईल? दुकानात कामाला कोण ठेवील? आम्हांस वाटते, उपचाराची खरी परीक्षा इस्पितळाच्या दारात होत नाही, ती गल्लीत होते.

शेख महंमदांसारख्या मुसलमान संतकवीला श्रीगोंद्याने ग्रामदैवताचा मान दिला. ज्या गावाचे मन एवढे मोठे, त्याने आजारातून उठलेल्या आपल्याच लेकराला परके का मानावे?