तळटीप ७ : हाताजोडी

७. भिवापूरच्या बाजारात कथानायक किमयागाराच्या पोतडीसाठी कोल्ह्याचं शिंग, हाताजोडी आणि मिरची घेतो, ते हे प्रकरण. यातली मिरची तेवढी निर्विवाद. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही आहे. कोल्ह्याला शिंग नसतं. ‘सियारसिंगी’ म्हणून विकतात तो बहुधा कातडी-केसांचा बनवलेला गोळा. हाताजोडीची गोष्ट मात्र वाईट आहे. शेंदरात बुडवून, लवंगांसह डबीत ठेवलेली, नमस्कार करणाऱ्या दोन सुकलेल्या हातांसारखी ही वस्तू दुर्मीळ वनस्पतीचं मूळ म्हणून खपवली जाते. प्रत्यक्षात ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय. सरडे-सापांच्या गटात ते जोडीनं असतं, म्हणून ‘दोन हात’. 2017 साली वन्यजीव-अभ्यासकांनी हा व्यापार उघडकीस आणला, तेव्हा ऑनलाइन दुकानांतही माल सर्रास मिळत होता. काही विक्रेते वाघनखीच्या झुडपाचं नाव सांगतात. त्याच्या वाळक्या फळाला दोन वाकडे आकडे असतात खरे, पण या वस्तूशी त्याचा काडीचा संबंध नाही. खेळात किंवा कादंबरीत अशी सामग्री जमवायला हरकत नाही, तिथे घोरपड मरत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिचा अवयव विकणं आणि घरात बाळगणं, दोन्ही गुन्हे आहेत. देव्हाऱ्यात अशी डबी असेल तर वाचकांनी वनविभागाला कळवावं. — संपा.